पुढच्या वर्षी तीन वेल

अन्याय झाला तो आमच्या तळमजल्यावरच्या काकूंवर. यंदाच्या जूनमधल्या पहिल्या रविवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, नोएडातल्या एका सोसायटीत, त्यांच्या लेकीच्या जेवणाच्या टेबलापाशी. अन्याय करणारे लोक चांगले होते. सगळे हसत होते. टेबलावर कलिंगड होतं. मी तिथे होते आणि मी दोन फोडी खाल्ल्या.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे कोणीतरी म्हणेल, ही पोरगी फक्त दुसऱ्यांकडे बोट दाखवते.

काकूंना तुम्ही पाहिलं असतंत तर पहिल्यांदा त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट लक्षात राहिलं असतं. ते अंगठ्यात अडकवायचं, सोडायचं, समोरच्या वस्तूवर टिचकी मारायची आणि मान वाकडी करून आवाज ऐकायचा. नारळावर टिचकी, नव्या बादलीवर टिचकी. फ्लॅटच्या भिंतीवरसुद्धा. "आत काही नाही गं हिच्या. पुठ्ठ्याची आहे का?" जेवण झालं की चार वर्षांच्या नातीच्या पोटावर टिचकी. "टणटण वाजतंय. अजून दोन घास." दोन घासांनंतर परत टिचकी. "हां, आता बदबद. पिकलं बाई." नात खिदळत पळून जायची.

कच्चं कलिंगड टणटण वाजतं, पिकलेलं बदबद. काकूंच्या मामांची नीरा नदीच्या वाळूत कलिंगडाची वाडी होती, तिथे त्या हे शिकल्या. पण पोट भरलं ते कलिंगडावर नाही. फलटणला टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून त्यांनी सगळी नोकरी काढली. तिथली एक सवय अंगात राहिली होती. काही सांगितलं की त्या पोच मागायच्या. "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. पोच?" आपण "पोचलं" म्हणायचं. नुसती मान हलवलीत तर त्या पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या.

मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन मैत्रिणींबरोबर राहते. घरकाम करणाऱ्या बायकांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून आम्ही मोहीम चालवतो. मी पत्रकं लिहिते आणि सोसायट्यांच्या गेटवर उभी राहून वाटते. गार्ड लोक मला लांबून ओळखतात आणि त्यांना त्याचा काही आनंद होत नाही.

एकदा वाऱ्याने माझा पत्रकांचा गठ्ठा बाल्कनीतून खाली गेला, थेट काकूंच्या बागेत. मी धावत उतरले तोवर त्यांनी सगळी पत्रकं गोळा करून, कडा जुळवून, सुतळीने अशी बांधली होती की आता फक्त शिक्का मारायचा बाकी.

"या पुढारी," त्या म्हणाल्या. "तुमचं टपाल चुकीच्या पत्त्यावर आलंय."

तेव्हापासून मी पुढारी.

त्यानंतर पत्रकांच्या घड्या काकू घालायला लागल्या. दुपारी नात झोपली की त्यांना तासभर मिळायचा. मी गठ्ठा घेऊन जायची, त्या जमिनीवर बसून नखाने कड दाबत घडी घालायच्या. माझ्या तीन घड्यांत त्यांच्या दहा व्हायच्या. एकदा त्यांनी एक पत्रक उलगडून पूर्ण वाचलं. 'कामाचे तास ठरलेले हवेत. आठवड्याची सुट्टी हक्काची हवी. गावी जाण्याची रजा हवी.'

"हे कोणासाठी आहे गं?"

"घरात काम करणाऱ्या बायकांसाठी."

"अच्छा," काकू म्हणाल्या. पत्रक परत घडी करून गठ्ठ्यात ठेवलं आणि पुढचं घेतलं.

मला काही कळलं नाही. वाक्यं माझी होती, अक्षरन् अक्षर माझं होतं, समोर बसलेली बाई पहाटे साडेपाचला उठून डबे करत होती, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही पेटलं नाही. मी म्हटलं, "काकू, उद्या अजून एक गठ्ठा आणू?"

काकू दिल्लीला आल्या होत्या तीन महिन्यांसाठी. लेकीचं बाळंतपण होतं. तीन महिने झाल्यावर ठरलं की बाळाला बसता येईपर्यंत थांबा. मग चालता येईपर्यंत. मग बाळाला सांभाळणारी बाई चांगली मिळेपर्यंत. तशी बाई काही मिळाली नाही, कारण घरात काकू असताना कोणी मनापासून शोधली नाही. मग शाळेत प्रवेश होईपर्यंत. प्रवेश झाल्यावर रुळेपर्यंत. चार वर्षं झाली. लेक आणि जावई दोघंही गुरुग्रामला कंपनीत कामाला, सकाळी आठला बाहेर पडायचे ते रात्रीच यायचे. दमून यायचे. आईशी प्रेमाने वागायचे. वाढदिवसाला केक, हिवाळ्यात उबदार शाल, गुडघ्यांना महागाचं तेल. जावई तर सगळ्यांना सांगायचे, "आईंशिवाय आमचं घर एक दिवस चालणार नाही." ते कौतुकाने म्हणायचे. मीही कौतुकानेच ऐकायची.

फलटणला काकूंचं स्वतःचं घर होतं. दोन खोल्या, पुढे पडवी. नवरा लवकर गेल्यावर त्यांनी एकटीच्या पगारावर घेतलेलं. निवृत्त झाल्यावर त्या घरात त्या अकरा महिने राहिल्या. "अकरा महिने," त्या सांगायच्या, जसं कोणी काशीयात्रेचं सांगावं. "संध्याकाळी दाराला कडी लावायची मी, सकाळी काढायची मी. मधे कोणी म्हणायचं नाही, आई जरा दार उघड."

दिल्लीतली त्यांची दिल्ली म्हणजे शाळेच्या बसचा थांबा, मुलांचा डॉक्टर आणि दोनदा करोल बाग. पानिपत बघायची इच्छा होती. एका हिवाळ्यात ठरलंही. लेक-जावयांना तिकडून चादरी आणायच्याच होत्या. आदल्या दिवशी नातीला ताप आला. चादरी आल्या, काकू घरीच राहिल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आपले लोक पानिपताहून परत आले नाहीत. मी तर पोचलेही नाही."

मी हसले. छान विनोद होता.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी काकूंनी थालीपिठं केली आणि मला खाली बोलावलं. सगळे टेबलाशी होते. काकूंनी पदराच्या गाठीतून एक कागदाची पुडी काढून ताटाशेजारी ठेवली. फलटणच्या शेजारणीने कलिंगडाचं बी पाठवलं होतं.

"हे मी उद्या बागेत लावते," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांनी फळ येईल. फळ उतरलं की मी घरी जाणार."

"आई, घरीच तर आहेस तू," लेक म्हणाली.

"माझ्या."

मग जावई मनापासून हसले. "बिल्कुल, आई! डन. तोपर्यंत छोटीच्या डे-केअरचं आम्ही बघतो."

"पोच?"

"पोचलं, आई, पोचलं!" त्यांनी टाळीसाठी हात वर केला. काकूंनी टाळी दिली. मी साक्षीला होते.

नंतर भांडी आवरताना त्या मला म्हणाल्या, "आत्तापर्यंतच्या सगळ्या तारखा माणसांच्या होत्या. पुढे सरकायच्या. वेलाची तारीख कोण सरकवतो बघू."

बाग म्हणजे केवढी, तर दोन खाटा शेजारी-शेजारी टाकल्या तर भरेल एवढी. बिल्डरने जाहिरातीत तिला उद्यान म्हटलेलं. वर बोटभर माती आणि लॉन, खाली खणलं तर फरशांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि एकदा कोणाचा तरी मोजा. काकूंनी दुपारच्या त्या एका तासात, रोज थोडं थोडं, ढोपरभर खड्डा केला. शेजारच्या टॉवरचं बांधकाम चालू होतं, तिथून मी दोन पोती वाळू मागून आणली. शेणखत मोबाइलवरून मागवलं. ते पुठ्ठ्याच्या खोक्यात आलं आणि डिलिव्हरीवाल्याने काकूंची सही मागितली.

"आयुष्यभर लोकांच्या सह्या घेतल्या," त्या खोकं नाकाशी नेत म्हणाल्या. "शेणासाठी सही पहिल्यांदाच दिली."

सहा बिया टोचल्या, चार उगवल्या. काकूंनी तीन रोपं चिमटून काढली आणि एकच ठेवलं. मला वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "जागा एकाचीच आहे. चौघांना ठेवलं तर चौघंही कुढत राहतील."

मार्चअखेर वेल सुटला. कलिंगडाच्या वेलाला पसरायला लागतं. आमच्याकडे तीन बाजूंना जाळी आणि चौथ्या बाजूला जेवणाच्या खोलीचं काचेचं सरकतं दार. वेलाचा शेंडा जाळीखालून हळूच बाहेर निघायचा, सोसायटीच्या हिरवळीवर. लगेच नोटीस आली, सामायिक जागेत आलेली झाडं कापली जातील. मग काकू रोज सकाळी बसच्या थांब्यावरून परत आल्या की खाली बसून तो शेंडा दोन बोटांत धरायच्या आणि आत वळवायच्या. "आत ये रे बाबा. आपल्याला बाहेरची परवानगी नाही." दुसऱ्या दिवशी तो परत बाहेर. परत आत. वेल शेवटी स्वतःभोवतीच फिरायला लागला, पानांचा ढीग झाला.

खरी अडचण एप्रिलात आली. फुलं लागली, पण मधमाशी नाही. सोसायटीत दर आठवड्याला डासांसाठी धूर मारतात, त्यात डास सोडून सगळं मरतं. मग हाताने करायचं. नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि त्याचा पराग मादी फुलावर टेकवायचा. हे करायचं सकाळी, फूल ताजं उमललेलं असताना. सात ते आठच्या दरम्यान. आणि त्याच तासात काकूंना पोळ्या, तीन डबे, नातीची वेणी, नातीचं दूध, नातीचा हरवलेला बूट आणि सव्वासातची बस. त्या परत येऊन, सगळ्यांना वाटेला लावून, हात पुसत बागेत येईपर्यंत ऊन चढायचं आणि फूल मिटायला लागायचं. पहिली मादी फुलं अशीच गेली. त्यांच्या पोटाखालची हिरवी गोळी पिवळी पडून गळून गेली.

काकू काचेतून बघायच्या. हातात लाटणं असायचं. फूल चार हातांवर उमललेलं दिसायचं आणि जाता यायचं नाही. हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून लिहिते. कोंडणं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कुलूप येतं. इथे कुलूप नव्हतं. दार सरकतं होतं, नातसुद्धा एका बोटाने उघडायची.

शेवटी त्यांनी काम माझ्यावर सोपवलं.

"नीट ऐक, पुढारी. जिच्या पोटाखाली गोळी आहे ती नवरी. तिला तोडायचं नाही. बिनगोळीचा तो नवरा. त्याला तोडून नवरीकडे न्यायचं. पोच?"

"पोचलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी सात वाजता खाली गेले, अर्धवट झोपेत, आणि बरोबर उलटं केलं. गोळीवाली तीन फुलं तोडून मोठ्या अभिमानाने काचेवर टकटक करून दाखवली. काकू तव्यावरची पोळी तशीच टाकून बाहेर आल्या. माझ्या तळहाताकडे बघत राहिल्या.

"नवऱ्याच तोडून आणल्यास?"

"काकू, सॉरी..."

"तुमच्या मोर्च्यातही असंच करता का गं? ज्यांच्यासाठी मोर्चा, त्यांनाच तुडवता?"

आतून जळकी पोळी वास मारायला लागली. लेकीचा आवाज आला, "आई, काय करतेयस? बस येईल!" काकू आत गेल्या नाहीत. त्यांनी वेलाच्या ढिगात हात घालून, पानं बाजूला करत, एक उरलेली नवरी शोधली. अगदी जाळीच्या कोपऱ्यात होती. मला नर फूल तोडायला लावलं, स्वतः पाकळ्या मागे केल्या आणि गुडघ्यांवर बसून पराग टेकवताना पुटपुटल्या, "शुभमंगल सावधान." मग पदराला हात पुसत धावल्या. त्या दिवशी बस चुकली. जावयांना गाडीने शाळेत सोडायला जावं लागलं.

पण ते एक लागलं. सुपारी, मग लिंबू, मग नारळ. त्यानंतर वेलावर दुसरं फळ धरलं नाही. मे महिन्यात लूचे गरम वारे सुरू झाले, भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या असायच्या. काकूंनी फळाखाली विटेचा तुकडा दिला आणि वर नातीची जुनी टोपी घातली. नात तिच्या मैत्रिणींना काचेतून दाखवायची, "वो देखो, आज्जी का तरबूज. टोपीवाला."

"कलिंगड म्हण," काकू आतून सांगायच्या.

"कलिंगड पक जाएगा तो आज्जी ट्रेन में जाएगी," नात म्हणायची. तिच्या लक्षात होतं. तेवढ्या घरात तिच्याच लक्षात होतं.

कलिंगड पिकल्याची खूण देठापाशी असते. तिथे वेलाची एक वेटोळी, बारीक तार असते. ती हिरवी असेपर्यंत थांबायचं. ती सुकून काडीसारखी झाली की फळ तयार. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी सकाळी खाली गेले, पानं उचलली आणि ओरडले, "काकू! तार सुकली!"

"हळू बोल."

"कधी सुकली?"

"परवा."

"मग सांगितलंत का?"

त्यांनी फळावर टिचकी मारली, ऐकलं, आणि टोपी परत नीट केली. "सांगितलं तर ते मागणं झालं गं. त्यांनी आपणहून बघितलं, तर ते लक्षात ठेवणं झालं."

मग मला दिसलं. त्यांनी फळ वळवून ठेवलं होतं. जमिनीकडची जी बाजू पिकल्यावर पिवळी पडते, ती आता काचेच्या दाराकडे होती. मधे ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची हलवली होती. जेवणाच्या टेबलाशी बसून कोणीही मान वर केली असती तर ते पिवळं पोट थेट समोर दिसलं असतं. माळ्यावरची बॅग काढून त्यांनी पलंगाखाली ठेवली होती. नातीने तीत आपल्या बाहुल्या भरल्या होत्या, त्या तशाच होत्या.

"वेलावर किती दिवस टिकेल हे असं?" मी विचारलं.

"आठवडा. मग गर मऊ पडतो."

त्या आठवड्यात मी रोज खाली जायची. रोज टेबलाशी कोणीतरी फोन बघत नाश्ता करत असायचं. पाठमोरं किंवा समोर, काही फरक नव्हता. मी लेकीला एकदा म्हटलं, "कलिंगड मस्त झालंय ना?" ती म्हणाली, "हो ना यार, आईचा हात म्हणजे ना!" आणि कॉल घेतला. मी अजून काय बोलायला हवं होतं ते मला आता नेमकं येतं. तेव्हा मला वाटलं, हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे. गेटवर उभं राहून मी अनोळखी लोकांना तुमच्या घरातला प्रश्न हा समाजाचा प्रश्न आहे असं ओरडून सांगते.

मग तो रविवार.

नऊ वाजता जावयांचा फोन आला. "लवकर खाली ये, सरप्राइज आहे." मी गेले. टेबलावर कलिंगड होतं, धुतलेलं, थेंब लागलेलं. जावयांनी व्हिडिओ बघितला होता, पिवळा डाग म्हणजे पिकलेलं. काकू आंघोळीला गेलेल्या असताना त्यांनी ते पिळून तोडलं होतं. काचेतून वेल दिसत होता, मुळापाशी निम्मा उपसलेला. लेकीने सुरी, मोठं ताट, काट्याचे चमचे मांडले होते. दोघंही लहान मुलांसारखे खूश. त्यांना खरंच वाटत होतं की ते आईसाठी काहीतरी करतायत.

काकू ओल्या केसांना पंचा गुंडाळून आल्या. दारातच थांबल्या.

"टॅडा!" जावई म्हणाले. "आई, तुमचं बाळ उतरवलं!"

उतरवलं. हा शब्द त्यांनीच वापरला. मी काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या उजळल्या होत्या. मी खोटं सांगत नाही, त्यांना वाटलं होतं की लेक-जावयांनी बघितलं, त्यांच्या लक्षात आहे. त्या पुढे आल्या, टिचकी मारली, नातीला ऐकवली. "बदबद," नात म्हणाली. काकूंनी सुरी टेकवली तशी आपोआप चीर धावत गेली आणि फळ उघडलं. लालभडक. बी काळंभोर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढले. काकूंना फोड हातात धरायला लावून काढले.

मग खाणं सुरू झालं. काकूंनी फोड खाल्ली नाही, हातातच धरली होती. रस मनगटावरून ओघळत होता. त्या एकदा लेकीकडे बघत, एकदा जावयांकडे. वाट बघत होत्या. मला माहीत होतं कशाची. त्या खोलीत हे माहीत असलेली मोठी माणसं दोनच होती, त्या आणि मी.

जावयांनी तोंड पुसलं. सव्वानऊ झाले होते. टेबलावरच्या घड्याळाकडे माझी नजर गेली होती, कारण काकूंकडे बघवत नव्हतं.

"आई, कमाल," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी तीन वेल लावा."

लेक म्हणाली, "हो आई! एक टेरेसवर पण."

काकूंनी फोडीचा एक घास घेतला. बी काढून तळहातावर ठेवली.

"लावू की," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडात दुसऱ्या फोडीचा घास होता. गोड होतं. फार गोड होतं. मी गिळलं आणि काही बोलले नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मी बागेत गेले. काकू उरलेला वेल उपटून गुंडाळत होत्या, सुतळी गुंडाळावी तसा.

"मी बोलू त्यांच्याशी?" मी विचारलं.

"आता? सगळ्यांची पोटं भरल्यावर?"

"मग मी तिकीट काढते. आत्ता, फोनवरून. निजामुद्दीनहून पुण्याची गाडी आहे. मी तुम्हाला स्टेशनवर सोडते."

काकू थांबल्या. पहिल्यांदाच मी त्यांना रागावलेलं पाहिलं. "तू सोडायला आलीस की मी पळून गेले असं होईल. मी काय चोर आहे? मला पळायचं नाही गं. मला निरोप हवाय. लेकीने डबा करून द्यायचा, जावयाने बॅग उचलायची, छोटीने रडायचं. सगळ्यांनी फलाटावर यायचं. तशी जाणार मी. नाहीतर नाही."

"मग सांगा त्यांना हे!"

"तीन महिने रोज काचेबाहेर सांगत होते की."

मी चिडून वर निघून गेले. त्यांच्यावर चिडले, हे लक्षात घ्या. मला वाटलं, बाई स्वतःच बोलत नाही तर आपण काय करणार. गेटवर मला मालकीणबाई नेमकं हेच सांगतात. "वो तो कभी बोली ही नहीं छुट्टी के लिए."

जुलैत ते कुटुंब गुरुग्रामला हललं. ऑफिसजवळ, मोठा फ्लॅट, सोळावा मजला. "आईला स्वतंत्र खोली," लेक मला आनंदाने सांगत होती. खोक्यांवर मार्करने नावं होती: स्वयंपाकघर, पुस्तकं, छोटी, आई. काकू गाडीत पुढच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर नात. मी खिडकीपाशी गेले.

"फलटणच्या घरात भाडेकरू ठेवलाय," त्या म्हणाल्या. "शाळेतले मास्तर आहेत, भले आहेत. बंद घर खराब होतं म्हणाले हे लोक. खरंच आहे."

"कधीपर्यंत?"

त्या काहीतरी बोलल्या. पण जावयांनी एसी लावला होता, काच वर गेली. आतून त्यांचे ओठ हलताना दिसले. नातीने काचेला नाक लावलं होतं. गाडी गेटबाहेर पडली आणि गार्डने सलाम ठोकला.

त्यांच्या बागेत आता नव्या भाडेकरूने लॉन घातलंय.

आता तुम्ही. दिल्लीत, नोएडात, गुरुग्राममध्ये, किंवा पुण्या-बंगळुरात, जिथे कुठे हे वाचत असाल तिथे. तुमच्या घरात आई किंवा सासूबाई 'थोडे दिवस' आल्या असतील, तर त्या बोलतील याची वाट बघू नका. आजच, हे वाचून ठेवल्यावर लगेच, त्यांच्यापाशी जाऊन बसा आणि विचारा, कोणत्या तारखेला जायचंय. सांगतील ती तारीख मान्य करा, घासाघीस करू नका. तिकीट त्यांच्यासमोर काढा. एकेरी काढा, परत यायचं का आणि कधी, ते त्यांचं त्या ठरवतील. त्या दिवशी सुट्टी टाका, डबा तुम्ही करा, बॅग तुम्ही उचला आणि घरातले सगळेच्या सगळे फलाटावर जा.